अनोळखी रोपाची ओळख

हिवाळ्यात बागेच्या एखाद्या दुर्लक्षित कोपऱ्यात कोणीही न लावलेले एक काटेरी रोप डोके वर काढते. त्याचे नाव विचारण्यापूर्वी ते नीट पाहावे. पाने निळसर हिरवी, शिरा पांढुरक्या, कडा काटेरी. पानाला देठ नसून त्याचा तळ खोडाला बिलगलेला असतो. हातमोजे घालून एक पान तोडावे. त्यातून पिवळा चीक ओघळला, तर शोध बराचसा पुरा झाला असे समजावे. काटेरी पानांमुळे उटकटाऱ्याची शंका येईल. पण त्याची फुले गोल, काटेरी चेंडूसारखी असतात. या रोपाचे फूल पिवळे असून त्याला बहुधा सहा नाजूक पाकळ्या असतात.

ही वनस्पती म्हणजे आर्जेमोनी मेक्सिकाना. ती मूळची अमेरिका खंडातील; आज भारतात सर्वत्र आढळते. मराठीत तिला पिवळा धोतरा, हिंदीत सत्यानाशी आणि बंगालीत शियालकाँटा म्हणतात. मराठी नाव मात्र फसवे आहे. तिचे बोंड धोतऱ्याप्रमाणे काटेरी असले, तरी तिचे कुल अफूचे आहे, धोतऱ्याचे नव्हे. लोकनामे प्रांतोप्रांती बदलतात. चीक, पाकळ्या व बोंड ही लक्षणे बदलत नाहीत.

ही ओळख केवळ कुतूहलापुरती नाही. बोंड पिकले की ते टोकाकडून उकलते आणि आतून मोहरीसारखे गोल, काळपट दाणे बाहेर पडतात. भिंगातून पाहिल्यास त्यांवर जाळीदार खळगे दिसतात. मोहरी त्या मानाने गुळगुळीत असते. या बियांच्या तेलात सँग्विनारीन नावाचे विषारी द्रव्य असते. ते तेल खाण्यात आल्यास पायांवर सूज येते, धाप लागते आणि हृदय दुर्बल होते. दिल्लीत 1998 साली मोहरीच्या तेलात या तेलाची भेसळ झाली, आणि साठाहून अधिक माणसे दगावली.

म्हणून अनोळखी रोपाची पारख डोळ्यांनी करावी, जिभेने कधीही करू नये. पान, चीक, फूल, फळ आणि बी या पाचांची साक्ष जुळल्यावरच नाव निश्चित करावे. हे रोप पिवळा धोतराच ठरले, तर बोंडे उकलण्यापूर्वी ते मुळासकट उपटून टाकावे.