वाफ्यावरचे पांघरूण

भाजीच्या कोवळ्या रोपांवर कमानी रोवून अंथरल्या जाणाऱ्या पांढऱ्या, तलम कापडाला शेतकरी ‘क्रॉप कव्हर’ म्हणतात. हे कापड विणलेले नसते. पॉलिप्रोपिलीनचे बारीक तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून ते तयार होते. बाजारात सर्रास मिळणारे कव्हर १७ जीएसएमचे, म्हणजे एका चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचे असते. त्यातून ऊन, हवा आणि पाणी आत जाते, कीड बाहेर राहते. महाराष्ट्रात कलिंगड-खरबुजाच्या शेतांत ते चांगलेच रुळले आहे. परसबागेत मात्र अजून फारसे दिसत नाही.

थंडीत त्याखालची हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार राहते आणि डिसेंबर-जानेवारीत लावलेली रोपे गारठून बसत नाहीत. पण त्याचा खरा उपयोग विषाणूंपासून बचावाचा आहे. काकडीवर्गीय वेलींवर मोझॅक आणणारे विषाणू मावा पसरवतो. रोगट झाडाचा रस चाखून आलेल्या माव्याने निरोगी पानात सोंड खुपसली, की विषाणू आत सोडायला त्याला काही सेकंदही पुरतात. फवारलेले कीटकनाशक माव्याला मारेल, पण मरण्याआधी त्याचे काम झालेले असते. लागण झालेल्या वेलीवर उपाय नाही. ती उपटून टाकायची. टोमॅटोची पाने आकसवणारा विषाणू पांढरी माशी आणते, तर मिरचीच्या चुरडा-मुरड्यामागे पांढऱ्या माशीबरोबर फुलकिडे आणि कोळीही असतात. रोप जितके लहान असताना लागण होते, तितके नुकसान मोठे. त्यामुळे लावणीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे सांभाळले, तरी बरेच साधते.

कव्हर घालायचे ते लावणीच्याच दिवशी. चार दिवसांनी घातले तर आत शिरलेल्या किडीला आयता निवारा मिळतो. बांबूच्या कामट्या, जाड तार किंवा ठिबकच्या जुन्या नळ्या वाकवून दीड-दोन फूट उंचीच्या कमानी कराव्यात, म्हणजे कापड पानांना टेकत नाही. कडा चारही बाजूंनी मातीत दाबाव्यात. एका कोपऱ्यातली फट सगळी मेहनत वाया घालवते. आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते. वेलवर्गीय भाज्यांवरच्या लाल भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि कोष जमिनीत असतात. ज्या वाफ्यात मागच्या हंगामात भोपळा होता, तिथेच काकडी लावून कव्हर घातले, तर भुंगेरे आतच बाहेर पडतात आणि निवांत पाने खातात. वाफा बदलणे हाच त्यावरचा सोपा उपाय.

काढण्याची वेळ पिकागणिक बदलते. पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी यांना खाण्याजोगे होण्यासाठी परागीभवन लागत नाही. ती काढणीपर्यंत झाकलेली चालतात. टोमॅटो, मिरची, वांगी यांची फुले बहुतांशी स्वतःच फळ धरतात. त्यांचे कव्हर झाडे कमानीला टेकू लागली की काढावे. काकडी, दोडका, कलिंगड यांच्या वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात व परागकण मधमाश्यांसारखे कीटक नेतात. मादी फुले दिसू लागली की कव्हर निघालेच पाहिजे, नाहीतर वेल हिरवीगार आणि फळ एकही नाही. परसबागेत दोन-चारच वेल असतील तर फुले उमलल्यावर नर फुलाचे पराग हाताने मादी फुलाला लावता येतात. देठाशी इवलेसे फळ असलेले ते मादी फूल.

उन्हाळ्यात हेच कापड घातक ठरू शकते. आत उष्णता कोंडते आणि चाळिशीच्या पाऱ्यात रोपे होरपळतात. तेव्हा ५० टक्के सावलीचे शेडनेट उंचावर बांधलेले बरे. कोथिंबिरीला ते विशेष मानवते. कोकणातल्या पावसात रोपवाटिकेवर मांडव घालून प्लास्टिक ताणावे लागते, कारण धारांचा मार लागून बी उघडे पडते. कव्हरऐवजी जाळी लावायची, तर पांढऱ्या माशीसाठी ४० ते ५० मेशची, म्हणजे इंचात तितकी छिद्रे असलेली जाळी लागते. साधी मच्छरदाणी त्या कामाला येत नाही.

वापर झाल्यावर कव्हर झटकून, वाळवून सावलीत ठेवले तर पुढच्या लावणीलाही येऊ शकते. फाटलेले तुकडे मात्र वेचून घ्यावेत. ते मातीत कुजत नाहीत.