शीत प्रदेशातील जनावरांचा उपजत काटकपणा

थंडीच्या दिवसांत जनावरांच्या अंगावरील केस दाट होतात व उन्हाळ्याच्या तोंडी ते गळून पडतात, हे पशुपालकांच्या नित्य पाहण्यातील आहे. हा ऋतुमानाप्रमाणे होणारा तात्पुरता बदल होय. परंतु काही जातींच्या ठायी थंडी सोसण्याचे सामर्थ्य उपजतच असते व ते पिढ्यान्‌पिढ्या वासरांत उतरते. जनावरांची पैदास करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

सैबेरियाच्या ईशान्य भागातील याकूत गाय हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथे हिवाळ्यात तपमान शून्याखाली ५० अंश सेल्सिअसपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली जाते. ही गाय सुमारे ११० सेंटिमीटर उंचीची, आखूड पायांची व भरीव बांध्याची असते. त्यामुळे अंगातील उष्णता बाहेर पडण्यास वाव कमी राहतो. तिचे केस दाट असतात. कास लहान असून तिच्यावरही केसांचे आच्छादन असते. अल्पकाळच्या उन्हाळ्यात मिळेल ते गवत खाऊन ती कातडीखाली चरबी साठविते व पुढे टंचाईच्या दिवसांत तिच्यावर तग धरते.

हे गुण कसे आले? एकाच कळपातील जनावरांत उपजत थोडाफार फरक असतोच. जी नाजूक होती ती कडक हिवाळ्यात दगावली. जी काटक होती ती तगली व त्यांचीच वंशवृद्धी झाली. शेकडो पिढ्या ही निवड चालू राहिली. सन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या गाईंच्या स्नायूंशी संबंधित एका जनुकात विशिष्ट बदल आढळला. थंडीस सरावलेल्या इतर काही सस्तन प्राण्यांतही तोच बदल दिसून येतो.

असा ठेवा हातचा जाण्यास मात्र फार काळ लागत नाही. विसाव्या शतकात सोव्हिएत राजवटीत अधिक दुधाच्या आशेने या गाईंचा सिमेंटल व खोल्मोगोरी जातींशी सर्रास संकर करण्यात आला. परिणामी एकविसाव्या शतकाच्या आरंभी शुद्ध जनावरे हजार-बाराशेच्या आसपासच उरली होती. याकूत गाय दूध थोडे देते, हे खरे. परंतु त्या हवेत व त्या चाऱ्यावर जगून दूध देणे हाच तिचा मोठा गुण होय.

आपल्याकडे प्रश्न थंडीचा नसून ऊन व पाऊस यांचा आहे. तत्त्व मात्र तेच. घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात डांगी जनावरे टिकतात, ती त्यांच्या तेलकट कातडीमुळे. थंड देशांतील होल्स्टीन गाईस आपला उन्हाळा सोसत नाही, हेही आपण पाहतोच. यास्तव संकरासाठी वळू निवडताना केवळ दुधाच्या आकड्याकडे न पाहता आपली हवा, चारा व पाणी यांचा विचार करावा आणि गावातील उत्तम देशी गाईंचा शुद्ध वंश राखून ठेवावा. एकदा नष्ट झालेला वंश पैसे मोजूनही परत मिळत नाही.