निसर्गदृश्य छायाचित्रण आणि स्थानिक समाजाचा अधिकार : कास पठार, भिगवण व नावाहो प्रदेश

बीजशब्द : निसर्गदृश्य छायाचित्रण, कार्यशाळा, स्थानिक समाज, संयुक्त वनव्यवस्थापन, उपजीविका

प्रस्तावना :
निसर्गरम्य प्रदेशाचे छायाचित्र काढणारा बहुधा बाहेरून येतो आणि छायाचित्र घेऊन परत जातो. त्या भूमीची राखण करणारा समाज मात्र तेथेच राहतो. डिजिटल कॅमेरा सर्वांच्या आवाक्यात आल्यापासून छायाचित्रण कार्यशाळांना बहर आला असून त्यांपैकी काही कार्यशाळा स्थानिक समाजास साहाय्य हे आपले उद्दिष्ट असल्याचे सांगतात. हे उद्दिष्ट कोणत्या परिस्थितीत साध्य होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. समाजाला मिळणारा लाभ आयोजकाच्या सद्भावनेपेक्षा प्रवेश देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर अधिक अवलंबून असतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

नावाहो प्रदेशातील व्यवस्था :
अमेरिकेतील अॅरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या राज्यांत पसरलेल्या प्रदेशात नावाहो समाजाचे स्वतःचे शासन आहे. हे लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात. १८६४ मध्ये त्यांना आपल्या भूमीतून बळाने हलविण्यात आले होते. १८६८ च्या करारानंतर ते परतले. भूमीवरील त्यांच्या आजच्या अधिकारामागे हा इतिहास आहे. १९५८ मध्ये मॉन्युमेंट व्हॅली हे नावाहो शासनाचे उद्यान झाले. अँटिलोप कॅनियन या अरुंद घळीत ऑगस्ट १९९७ मध्ये अचानक आलेल्या पुरात ११ पर्यटक मृत्युमुखी पडले. आज तेथे अधिकृत मार्गदर्शकाशिवाय प्रवेश मिळत नाही. व्यावसायिक छायाचित्रणासाठी नावाहो शासनाचा परवाना लागतो. त्यामुळे कार्यशाळेच्या आयोजकास परवाना-शुल्क व मार्गदर्शकाचे मानधन टाळता येत नाही. गर्दी वाढल्यावर या घळीच्या प्रसिद्ध भागांतील ट्रायपॉडसह होणाऱ्या खास छायाचित्रण-फेऱ्या बंद करण्यात आल्या. नकार देण्याची ही क्षमता अधिकाराची खरी कसोटी होय.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. याच घळीतील एक छायाचित्र ६५ लाख डॉलरला विकले गेल्याचा दावा २०१४ मध्ये करण्यात आला. दृश्य त्या भूमीचे असले तरी त्याचे मोल दूरच्या बाजारात ठरते.

कास पठाराचा अनुभव :
महाराष्ट्रात याच्याशी जुळणारे उदाहरण सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कास पठाराचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरील या जांभ्या खडकाच्या पठारावर मातीचा थर अत्यंत पातळ आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेथे तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, वायतुरा अशा वनस्पती फुलतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. कास हे त्यांपैकी एक. प्रसिद्धीबरोबर गर्दी आली. फुलाचे जवळून छायाचित्र घेण्यासाठी पठारावर बसणारा किंवा आडवा होणारा छायाचित्रकार शेजारची शेकडो रोपे तुडवितो, ही अडचणही पुढे आली.

या गर्दीचे नियमन वन विभागाने परिसरातील गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांच्या साहाय्याने केले. प्रवेश-शुल्क, दैनंदिन पर्यटकसंख्येवरील मर्यादा व ठरावीक पायवाटा ही त्याची प्रमुख अंगे होत. शुल्क गोळा करणे, वाहनतळ सांभाळणे, फुलांची राखण करणे व मार्गदर्शन करणे या कामांतून गावातील तरुणांना हंगामी रोजगार मिळतो. तथापि हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा असतो. शिवाय समित्यांचे अस्तित्व शासकीय निर्णयावर आधारलेले आहे. नावाहो समाजाप्रमाणे भूमीवरील स्वतंत्र अधिकार त्यांच्याकडे नाही.

भिगवणचे नावाडी :
उजनी धरणाच्या जलाशयाकाठी तिसरा प्रकार आढळतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने भीमाकाठची अनेक गावे पाण्याखाली घेतली. त्याच पाणलोटाच्या उथळ भागात, भिगवणजवळील कुंभारगाव परिसरात, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पाण्याच्या पातळीवरून छायाचित्र घ्यावयाचे तर होडी हवी आणि होडी मासेमाराकडे असते. पक्षी कोठे चरतात, किती अंतरावर होडी थांबवली म्हणजे थवा उडत नाही, हे ज्ञानही त्याच्याचकडे असते. येथे कायद्याने दिलेला विशेष अधिकार नाही. साधन आणि ज्ञान यांच्या बळावर समाजाने आपला वाटा मिळविला आहे. मात्र जलाशयातील पाण्याची पातळी त्याच्या हाती नसल्याने हे उत्पन्न अस्थिर राहते.

महाविद्यालयांसाठी विचारणीय मुद्दे :
जालना जिल्ह्यातील हसनाबादसारख्या गावांतील विद्यार्थ्यांच्या सहली अजिंठा, लोणार वा पैठणच्या नाथसागराकडे जातात. २०२० मध्ये लोणार सरोवरास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाल्याने तेथे छायाचित्रकारांचा ओघ वाढणे स्वाभाविक आहे. अशा ठिकाणी कार्यशाळा घेताना महाविद्यालयांनी पुढील पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. संबंधित विभागाबरोबरच ग्रामपंचायतीलाही पूर्वसूचना द्यावी. स्थानिक मार्गदर्शकाचे मानधन अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे धरावे. व्यक्तींची छायाचित्रे त्यांच्या संमतीनेच घ्यावीत व त्यांच्या प्रती त्यांना द्याव्यात. प्रदर्शन भरविल्यास ते प्रथम त्याच गावात भरवावे.

समारोप :
तिन्ही उदाहरणांत समाजाचा लाभ त्याच्या हातातील अधिकाराच्या प्रमाणात कमी-अधिक झालेला दिसतो. नावाहो समाजाकडे भूमी व शासन आहे, कासच्या गावांकडे सोपविलेले व्यवस्थापन आहे, तर भिगवणच्या मासेमाराकडे केवळ होडी व अनुभव आहे. कार्यशाळेने दिलेली देणगी एका हंगामात संपते. परंतु प्रवेशाच्या अटी ठरविताना गावाचे मत विचारात घेतले गेले, तर पुढील प्रत्येक कार्यशाळेतून गावाला काही ना काही मिळत राहील.