दम्याशी तह

दमेकऱ्याला घड्याळ लागत नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास छातीत पावा वाजू लागला की तो उठून बसतो, उशी मांडीवर घेतो, आणि पाठोपाठ सारे घर जागे होते. आमच्या घरी हा जागर मी बरीच वर्षे घातला. अशा माणसाला कोणी ‘प्राणायाम करा, औषध सुटेल’ म्हटले, तर तो दुसरे काय करील? मी योगवर्गात नाव घातले.

तिथे पहिल्याच दिवशी एक गोष्ट उमगली. मला वाटे, दम्यात श्वास आत जात नाही. खरे तर तो बाहेर निघत नाही! श्वासनलिका सुजतात, आवळतात, कफाने भरतात; जुनी हवा आत कोंडून राहिली, तर नवीला जागा कुठली? म्हणून सारा भर रेचकावर. चार आकड्यांत नाकाने श्वास घ्यायचा, आठ आकड्यांत सावकाश सोडायचा. ओढाताण नाही, श्वास कोंडणे नाही. दम लागलेला असताना भस्त्रिका-कपालभातीच्या वाटेलाही जायचे नाही. मला मानवली ती भ्रामरी. भुंग्यासारखे गुणगुणू लागले की श्वास आपोआप लांबतो. (नात म्हणते, “आजोबांचा मिक्सर सुरू झाला!”)

दोन महिन्यांत रात्रीची झोप लागू लागली, आणि इथेच माझी अक्कल चरायला गेली. डॉक्टरांना न विचारता मी रोजचा पंप बंद केला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत फटाक्यांचा धूर दाटला आणि माझा श्वास अडकला. भ्रामरी करू गेलो, पण गुणगुणायला तरी हवा नको का? झटक्याच्या वेळचा पंप शोधला, तर त्याची मुदत केव्हाच उलटलेली. ती रात्र इस्पितळात गेली, आमची सौ. फराळाचे ताट तसेच टाकून बाहेरच्या बाकावर बसून होती.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “श्वासाचे व्यायाम जरूर करा. पण नळ्यांची सूज औषध उतरवते. तुमची भ्रामरी उतरवते ती घाबरगुंडी.” घाबरून भराभर श्वास घेतल्याने दम किती वाढतो, हे दमेकऱ्यास सांगायला नको.

लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून योग प्रयोगशाळेत नेला. १९८५ साली बंगलोरच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांनी ५३ दमेकऱ्यांना योग शिकवून तितक्याच इतर रुग्णांशी त्यांची तुलना केली. योग करणाऱ्यांचे झटके अधिक घटले, औषधही कमी लागले. पुढे २०१६ साली कॉक्रेनच्या समीक्षकांनी १५ अभ्यासांतील १,०४८ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला. त्रास थोडा कमी होतो, जगणे थोडे सुसह्य होते, इतकेच त्यातून निघाले. त्या ‘थोड्या’ची किंमत रात्र बसून काढणाऱ्यालाच ठाऊक!

आता सकाळी आधी पंप, मग चूळ, मग भ्रामरी. यंदाही लक्ष्मीपूजनाला खिडक्या लावून बसणार आहे. नव्या सदऱ्याला खिसा आहे ना, एवढे सौ.ने दुकानातच पाहून घेतले.