गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर घरात: बारा व्होल्टचा हिशोब

आज एकाच प्रश्नावर बोलायचंय. नांदेड असो की लातूर, जुनी गाडी विकताना बरेच जण आतला अ‍ॅम्प्लिफायर काढून ठेवतात. घरात दोन स्पीकर धूळ खात पडलेले असतात. मग विचारतात, हे जोडून घरी गाणी ऐकता येतील का? येतील. पण त्याला वीज कुठून द्यायची, इथं गाडी अडते.

आधी वॅटचं बघू. खोक्यावर १००० वॅट छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज बघा. फ्यूज ३० अँपिअरचा असेल, तर १४ व्होल्टला तो जास्तीत जास्त ४२० वॅट आत घेईल. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्यातली निम्मी-अर्धी वीज उष्णतेत जाते. चार चॅनेल धरले तर प्रत्येकाला पन्नासेक वॅट आले. क्लास डी असेल तर वाया कमी जातं.

आता खरी गोम. समजा आपल्याला २०० वॅट लागतात. घरातल्या २३० व्होल्टला त्यासाठी एक अँपिअरसुद्धा लागत नाही. १२ व्होल्टला मात्र जवळजवळ १७ अँपिअर लागतात! वॅट तेवढेच, पण करंट एकोणीस पट. म्हणून सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर लावला, की ढोल वाजला रे वाजला आवाज तुटतो आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो. दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नसतो.

वायरचंही तसंच. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन ४ मीटर घेतली, तर १७ अँपिअरला तिच्यातच एक व्होल्टपेक्षा जास्त खर्ची पडतो. ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.२ व्होल्ट. सुरुवातीला आम्हीही घरात पडलेली बारीक वायर जोडली होती. दहा मिनिटांत प्लास्टिकचा वास सुटला, वरचं आवरण मऊ पडलं. तेव्हापासून आधी वायर, मग गाणं.

मग वीज द्यायची कशी? पहिला मार्ग, एलईडी पट्ट्यांना लावतात तो पत्र्याच्या जाळीचा एसएमपीएस, १२ व्होल्ट ३० अँपिअरचा. घरच्या आवाजाला तो पुरतो, कारण गाण्यात सरासरी वीज कमीच लागते, ठोक्याला तेवढी जास्त. त्याच्या स्क्रूंजवळ २३० व्होल्ट उघडे असतात, म्हणून झाकण हवंच आणि अर्थिंगची तार जोडलेली हवी. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत जा.

दुसरा मार्ग, जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस. हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो. पिवळी १२ व्होल्टची. लेबलवर १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. काही जुन्या डब्यांत ५ व्होल्टवर भार नसला तर १२ व्होल्ट घसरतात.

तिसरा मार्ग, बॅटरी. भारनियमनाच्या वर्षांत आपल्या घराघरांत इन्व्हर्टर आले, त्यामुळे हा मोह सगळ्यांना होतो. इथं दोन गोष्टी तपासा. एक, इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या असतील तर ते २४ व्होल्ट असतात. अ‍ॅम्प्लिफायर जागेवर जळेल. दोनांतल्या एकीवरूनही घेऊ नका, ती लवकर खराब होते. दुसरी, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज लावा. तिथं शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो, आग लागते. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात ठेवू नये. बॅटरी काढून नुसता चार्जर जोडला, तर साध्या चार्जरची वीज सपाट नसते, स्पीकरमधून गुंऽऽ असा आवाज येतो.

वीज आली तरी अ‍ॅम्प्लिफायर गप्पच असेल, तर ‘रिमोट’ लिहिलेला स्क्रू बघा. गाडीत त्याला टेपकडून १२ व्होल्ट मिळतात. घरी पॉझिटिव्हपासून लहान बटणातून तिथं तार द्या. घरचे स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात. ४ ओहमच्या मानानं वॅट साधारण निम्मे मिळतात, पण बिघडत काही नाही. मोबाइलवरून जोडताना ‘गेन’ खाली ठेवून सुरू करा, तो आवाजाचा कान नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरभोवती चारही बाजूंनी हवा खेळू द्या.

हे सगळं करायचं ते डबा आधीच घरात असेल तर. नवा विकत आणणार असाल तर त्यापेक्षा २३० व्होल्टवर चालणारा साधा घरगुती अ‍ॅम्प्लिफायर घ्या. लाइन गेली तरी तो इन्व्हर्टरवर चालतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. पण त्याआधी एक करा, घरी जाऊन तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज किती अँपिअरचा आहे तेवढं बघून ठेवा.