इंडिया 'इज' की 'आर'?

इंग्रजीतलं क्रिकेटचं समालोचन ऐकताना 'इंडिया आर १२० फॉर ३' असं कानावर आलं, की शाळेत व्याकरण घोकलेल्या माणसाच्या दाताखाली खडा येतो. देश एक, संघ एक. मग 'आर' कसं? ब्रिटिश इंग्रजीत हे बरोबर धरतात. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अकरा खेळाडू असले तर 'आर', आणि संघ म्हणजे एक संस्था असं मनात असलं तर 'इज'. अमेरिकी माणूस अशा जागी सहसा 'इज'वरच राहतो. पोलिसांपुढे मात्र दोघंही नमतात: 'द पोलीस आर'. उलट, दहा किलोमीटर चालायचं असेल तर 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग वे'. किलोमीटर दहा असले तरी मनात अंतर एकच असतं.

खरी गंमत 'यू'ची आहे. समोर एकच माणूस उभा असला तरी 'यू आर'च का? जुन्या इंग्रजीत एकट्याला 'दाउ' म्हणत आणि त्याचं क्रियापद 'आर्ट' असे. 'यू' अनेकांसाठी होतं. पुढे मोठ्यांना मान द्यायचा म्हणून एकट्यालाही 'यू' म्हणू लागले आणि होता होता ते सगळ्यांनाच लागू झालं. 'दाउ' बाजूला पडलं, पण 'यू'नं आपलं अनेकवचनी क्रियापद काही सोडलं नाही. मराठी घरात हे समजावून सांगायची गरजच नाही. 'आई आली', पण 'बाबा आले'. बाबा काही दोन नसतात!

अठराव्या शतकात पुष्कळ इंग्रज एकट्या माणसाला 'यू वॉज' म्हणत. एकाला एकवचन, हिशेब सरळ होता. पण रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात त्याला घोडचूक ठरवलं. तर्क पाहिला तर लाउथच हरायला हवे होते. प्रमाण भाषेत टिकलं मात्र त्यांचं 'यू वेअर'.

देशाच्या नावाचंही असंच झालं. 'युनायटेड स्टेट्स' म्हणजे संयुक्त राज्यं, म्हणून सुरुवातीला 'आर' सर्रास चाले. अमेरिकेच्या राज्यघटनेतही देशद्रोहाच्या कलमात देशासाठी 'देम' आहे. यादवी युद्धानं देश एक झाला आणि 'आर'चं 'इज' झालं, असं तिथे आवडीनं सांगतात. हा बदल खरं तर रेंगाळत झाला. युद्ध संपलं १८६५ मध्ये, आणि त्याच वर्षी मंजूर झालेल्या, गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत देशासाठी शब्द आहे 'देअर'.