गाळ गेला, उकिरडा उरला

अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणं थांबवावं, असं सांगणारा १९९४चा जाहीरनामा याच गावाच्या नावाने ओळखला जातो. बुडालेल्या घरांवर पुष्कळ लिहून झालं. नर्मदाकाठच्या गाळाच्या मातीवर त्यामानाने कमी. जे वर सरकले त्यांच्या वाट्याला उताराची जमीन आली. तिथे माती आणायची कुठून? माझं उत्तर आहे, घरामागच्या उकिरड्यातून.

शहरात ज्याला 'ओला कचरा' म्हणतात तो अशा गावात फारसा उरतच नाही. देठं शेळी खाते, शितं कोंबडी टिपते. उरतो पालापाचोळा, धसकटं, तुरीचा भुसा. तो पेटवला की राखेत पालाश राहतं, नत्र मात्र धुरावाटे जातं. उघड्यावर ढीग ठेवला तर ऊन त्याला वाळवतं आणि सातपुड्यातला पाऊस त्यातला कस ओढ्याला देऊन टाकतो.

यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी तोड काढली. त्यांच्याच आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं. भिंतीत हवेसाठी भोकं. सहा इंच पाला, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, मग पुन्हा पाला. खरी गंमत हिशेबात आहे: सुमारे दीड हजार किलो पालापाचोळ्याला शंभर किलो शेण पुरतं. एखाददुसरंच जनावर असलेल्या घराला हे परवडतं. विटा डोंगरावर चढवायलाच हव्यात असंही नाही, बांबूच्या तट्ट्याचं टाकंही चालतं.

सागाचं पान मात्र हट्टी. ते आख्खं टाकलं तर एकावर एक चिकटून थर धरतं, आत हवा जात नाही आणि ढीग आंबूस वास मारू लागतो. म्हणून ते चुरून, भुशात मिसळून टाकावं. ओल बरोबर असेल तर मूठभर काढून दाबल्यावर बोटं ओली होतात, पाणी टपकत नाही. थोड्याच दिवसांत आत हात घातला तर चटका बसतो. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो. तेव्हा पुन्हा भरून वरून शेणमातीने लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं.

पेरणीआधी ते शेतात पडायचं असेल, तर पानगळीतच टाकं भरायला घ्या.